सुंदरचं हसनं लंडनला

आवं, दिवळीतला रेडिओ हाय तसाच हाय. कुनी हात लावला न्हाई. थोरला म्हनला, "आये, सेल तरी काढून ठेव, पाझरत्यात." म्हनलं, पाझरू द्या. तुमी ज्या ठिकानी लंडन लावून ठेवलं व्हतं तितंच त्यो काटा हाय. सांज झाली की मी भाकरीचं पीठ मळता मळता कान तिकडं लावतीया, आता खरखर व्हईल, मग तुमी खाकरशीला. मग ध्यानात येतंया.

शेजारच्या मास्तरीनबाई वही घिऊन बसल्यात. मी बोलतीया तसं लिवत्यात. त्या म्हनल्या, आजी, आदी जलम कुटं झाला, कुठल्या लढाईला गेलं, पेन्शन कवा बसली ते सांगा. म्हनलं, बाई, मी त्येंच्यासंगं बोलनार हाय. त्येंचं त्येंलाच कशाला सांगू?

मला सुंदरचं बोलायचं हाय. आपलं भांडान तेवढंच ऱ्हायलंय. बाकी समद्याचा निकाल लागला, बैल गेलं, हीर आटली, पोरगी गेली, आता तुमी बी गेला. पन लंडनच्या टीव्हीवर जी पोर दावली ती आपली सुंदर व्हती का न्हाई, ह्येचा निकाल काय लागला न्हाई. तुमी म्हनत व्हता, व्हती. मी म्हनत व्हते, नव्हती. तुमी आपलं मत घिऊन गेला, आन मी हितं माझं घिऊन बसलीया.

तुमाला सांगते, मला आदी तुमचा त्यो रेडिओ आवडायचा न्हाई. समद्या गावाचा रेडिओ गानी म्हनायचा, आपला तेवढा खरखरायचा. पारावर ते बापू कदम हाटकून म्हनायचं, "काय हवालदार, गोरं गेलं, तुमी कसं ऱ्हायला?" तुमी मान बी न वळवता म्हनायचा, "गोरं गेलं, पन घड्याळ हितं ठिवून गेलं. ते बगतोय मी." मग समदी हसायची. मला एकटीला मातुर तुमी खरं कारान सांगितलं व्हतं. लढाईत असताना तुमची पलटन हरत व्हती, आन लंडन स्वताच्या तोंडानं सांगत व्हतं, आज आमी मागं हटलो, आज आमचं इतकं मेलं. तुमी म्हनला, "जो आपलं हरनं सांगतोय, त्येच्या जिंकन्यावर भरवसा ठेवायचा." मला लढाईतलं काय कळतंय? पन ते बोलनं माझ्या मनात बसलं.

आन पेपर. विट्याकडनं येष्टी यायची, तिच्यातनं आदल्या दिवसाचा पेपर पडायचा. पेपर एक आन ऐकनारं गाव. तुमी पारावर हुबं ऱ्हाऊन वाचायचा, बसून न्हाई. जाहिराती बी सोडायचा न्हाई. कुनी म्हनलं, हवालदार, ते तेलाचं सोडा, पावसाचं वाचा, तर म्हनायचा, "छापलंय ते समदं वाचायचं. मधलं गाळायचा मला काय हुकूम?" पारावर आमा बायास्नी बसाया येत नव्हतं. म्हनून तुमी घरी यून चुलीम्होरं पाटावर बसून समदा पेपर परत सांगायचा. मी भाकरी थापायची, सुंदर जाळ सारायची, आन तुमी दिल्लीचं, मुंबईचं, विलायतेचं सांगायचा. गावात कुठल्या बाप्यानं आसं बायकूला पेपर सांगितला आसंल? मी हे तुमाला कवा बोलले न्हाई. आज बोलते. त्या चुलीम्होरं मी जग बगितलं.

सुंदर मधीच हसायची. तिला हसाया कारान लागायचं न्हाई. कुठं मंत्री पडला म्हनलं तरी हसायची, कुठं दोन देशांची बोलनी मोडली तरी हसायची. तुमी दटावायचा, "आगं, ही बातमी हाय." मग ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची आन डोळ्यातनं हसायची. सोयऱ्याच्या मयताला बी हसली व्हती, मी दंडाला चिमटा काढला तवा गप झाली. तुमी म्हनायचा, सासरी कसं व्हायचं हिचं. मी म्हनायची, हसतीया तवर बरं हाय.

मग भात्तरचा दुस्काळ आला.

त्येचं काय सांगू तुमाला. माणगंगेच्या पात्रात झिरं खनायचं, वाटीवाटीनं पानी भरायचं. बैल छावनीला सोडलं तवा तुमी त्येंच्या शिंगांस्नी तेल लावलं, घरात फोडनीला नव्हतं ते. सुंदरचं लगीन ठरल्यालं, ते म्होरं ढकललं. तिचं हिरवं लुगडं पेटीतच ऱ्हायलं. थोरला पोट भराया मुंबईला गेल्याला, आन आपन तिघं पाझर तलावाच्या कामावर. तुमचा गुडघा आकडायचा म्हनून तुमी खडी फोडाया बसायचा, मी आन सुंदर मुरूम वाहायचो. सरकारी सुकडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली व्हती. सुंदर म्हनायची, "आये, लग्नात जेवन न्हाई मिळालं तरी चालंल, पन सुकडी नगं."

एक दिस मुकादम सांगत आला, उद्या विलायतेचं साहेब येनार हायती, टीव्हीवाली. फिल्लम काढनार. टीव्ही म्हंजी काय ते आमाला म्हाईत नव्हतं. तुमी समजावलं, लंडनच्या घराघरात पेटी आसती, तिच्यात आपन दिसनार, बोलल्यालं बी ऐकू जानार. आन मग तुमी पलटनीतल्यावानी हुकूम सोडला. "साहेबाम्होरं फाटक्यात कुनी यायचं न्हाई. जे बरं आसंल ते नेसा. आपली लाज आपन राखायची."

कुनाला वाकडं वाटलं न्हाई. फोटू काढायचा म्हंजी धडकं नेसायचं, हे समद्यांस्नीच ठावं. फोटू काय रोज निघतुया व्हय? त्या सकाळी तलावावर आसं दिसत व्हतं जनू जत्रा भरली. बायांनी लग्नातली लुगडी काढली, कुनी कुनाची पुतळ्यांची माळ मागून घातली. मुकादमानं कोट चढवला. तुमी दाढी केली, छातीला बिल्लं लावलं. आन सुंदरनं मला न इचारता पेटीतलं हिरवं लुगडं नेसलं. मी ओरडनार तवर तुमीच म्हनला, "नेसू दे. कवा नेसायची मग?"

जीप आली. दोन गोरं साहेब, एक यंत्र खांद्यावर घेतल्याला, एक केसाळ दांडकं धरल्याला, आन एक चष्म्यातला मुंबईचा मानूस, त्येंचं बोलनं आपल्याला सांगनारा. त्यानं खाली उतरून आमच्याकडं बगितलं आन कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय? लग्न आहे का इथं कुणाचं?"

सुंदर म्हनली, "माझंच व्हतं. पाऊस न्हाई आला म्हनून ऱ्हायलं."

आख्खा तलाव हसला. मुकादम बी हसला. चष्मेवाला तेवढा हसला न्हाई. म्हनला, "साहेबांना तुम्ही रोज जसं काम करता तसं पाहिजे. हे सगळं बदलून या."

तुमी म्होरं झाला, ताठ हुबं ऱ्हायला, सलाम ठोकला आन इंग्रजीत काय तरी बोलला. गोरा साहेब खूश झाला, तुमचा हात हातात घेतला, पलटन इचारली. तुमच्या तोंडावर लय दिसांनी रगत आलं. मला वाटलं, आता झालं. पन साहेब तुमच्या खांद्यावर हात ठिवूनच चष्मेवाल्याला काय तरी बोलला, आन चष्मेवाला म्हनला, "साहेब म्हणतात, फार छान. पण कपडे बदला."

तुमी आमच्याकडं बगितलं न्हाई. खाली बगून म्हनला, "हुकूम हाय. जावा."

उन्हात आमी समद्या वस्तीवर माघारी गेलो. ज्या पेटीत लुगडी ठिवल्याली त्या पेटीत परत ठिवली आन चिंध्या नेसून आलो. वाटंत वस्तीवरच्या सखूबाईनं म्हनलं, "आपली गरिबी बगाया आल्यात, आपल्याला न्हाई." तिला गप म्हनले मी. आता वाटतंय, पेपर तुमी वाचायचा, पन बातमी तिला कळली व्हती.

मग काम सुरू झालं. यंत्र सुंदरच्या म्होरं लावलं. ती पाटी घिऊन चालाया लागली की तिला हसू फुटायचं. चष्मेवाला वरडला, "हसू नको म्हणावं तिला!" ती व्हट चावायची, चार पावलं जायची, परत फुटायची. पाटी खाली ठेवली, पदराचा बोळा केला. तरी डोळं हसत व्हतं. पुन्यांदा, पुन्यांदा. शेवटाला गोरा साहेब बी हसाया लागला. त्यानं ते दांडकं तिच्या तोंडाम्होरं धरलं आन नाव इचारलं. तिनं सुंदर म्हनून, तुमचं नाव घिऊन, आडनाव, गाव, तालुका आटपाडी, समदं शाळंतल्यावानी सांगितलं. चष्मेवाल्यानं इचारलं, "तुला काय पाहिजे?" आमाला वाटलं, पाऊस म्हनंल, न्हाईतर पानी, भाकरी. तिनं यंत्राकडं बोट केलं. "ह्यातलं आमाला कवा बघाया मिळंल?"

"ते लंडनला दिसणार."

"आन आमाला?"

चष्मेवाल्यानं ते साहेबाला सांगितलं का न्हाई ते काय कळलं न्हाई. जीप छावनीकडं गेली, मेल्याली जनावरं काढाया.

त्या राती तुमी लय बोलला. उद्या लंडन बघंल, मग दिल्ली ऐकंल, मग चारा यील. तुमचा भरवसा मोठा. चारा आला तवा बैल व्हतं कुठं.

म्होरलं मी भराभरा बोलते. तुमी ते सोसलंय. मापावर रोज मिळायचा, जेवढा खड्डा तेवढा पैसा. वरचा मुरूम टनक, खालचा मऊ. म्हनून समदी खालनं उकरायची, वर कड लोंबत ऱ्हायची. तुमी खडीवरनं वरडायचा, "वरनं काढा रं, खालनं पोकळ करू नगा." कोन ऐकतंय? उपाशी मानूस मऊ बघूनच कुदळ मारतंय. ती कड बसली. धुरळा उडाला, आन मला आदी कळलंच न्हाई की सुंदर कुठं हाय. तुमी आकडल्याल्या गुडघ्यानं पळत आला. तुमाला तसं पळताना मी त्याआदी बगितलं नव्हतं, नंतर बी न्हाई. दोन्ही हातांनी उकरलं. नखं निघाली तुमची. तिचं तोंड मुरमानं पांढरं झालं व्हतं. मी पदरानं पुसलं. ह्येच्यावर मी बोलत न्हाई.

नंतर पेपर आला. लोकं पारावर गोळा झाली, तुमी बी गेला. मला वाटलं नव्हतं जाल. बापू कदमानंच मला नंतर सांगितलं, डोळं पुसत, त्यो दात काढनारा बापू. म्हनला, वैनी, हवालदारानं पयल्या पानापासनं वाचलं. आतल्या पानावर खाली बारक्या अक्षरात व्हतं, तलावाच्या कामावर कड ढासळून एक मजूर बाई दगावली आन काम पुन्यांदा सुरळीत चालू झालं. तेवढंच. नाव न्हाई, गाव न्हाई, कुनाची कोन न्हाई. हवालदारानं ते बी वाचलं, आवाज न हलवता. खाली सायकलीची जाहिरात व्हती, ती बी वाचली. मग घडी घातली, पारावर ठेवली, वर दगड ठेवला वाऱ्यानं उडू नये म्हनून, आन चालाया लागला.

तवापासनं तुमी पेपर वाचला न्हाई. पारावर बी न्हाई, चुलीम्होरं बी न्हाई. माझी पोरगी गेली आन जग बी गेलं. हे मी तुमाला त्या वक्ताला सांगायला पायजे व्हतं. पन तुमचं तोंड बघून धीर झाला न्हाई.

भावकी म्हनली, पोर बिनलग्नाची आन अवचित गेलीया, तिचा टाक करून देवाऱ्यात बसवा. चांदीच्या पत्र्यावर मानूस उठवायचं आन आपल्या पितरांत ठेवायचं, आपल्यात हीच रीत. म्हंजी सनावाराला तिला पानी घालता यील, हळदकुकू लावता यील. मला तेच पायजे व्हतं. माझ्याकडं तिचं काय व्हतं? हिरवं लुगडं तिला शेवटाला नेसवलं, ते तिच्यासंगंच गेलं. फोटू कवा काढला नव्हता. हाताला लागंल आसं काय तरी पायजे व्हतं.

तुमी म्हनला, "न्हाई. तिचा फोटू हाय."

"कुटं हाय?"

"लंडनला. तिचं नाव बी हाय त्येंच्यापशी, तिच्या तोंडचं. पेपरवाल्यांनी घेतलं न्हाई, त्येंनी घेतलंय. तिकडं लोकं तिला बघत्यात. इतक्यात देवाऱ्यात कशापायी बसवतीस?"

मी तुमच्याशी लय दिस बोलले न्हाई. मला वाटलं, ह्यो मानूस माझ्या हातातली चांदी काढून घेतोय आन मला समुंदरापल्याडचा वारा देतोय.

मग मलकापूरचं. तुमच्या पलटनीतलं सुभेदार, त्येंचा जावई विलायतेत डाक्टर. त्यो सुट्टीला आलाय म्हनून तुमाला कळलं आन मला घिऊन तुमी येष्टीत बसला. कराडला उतरून मलकापूर गाठलं. सुभेदारांच्या वट्यावर बसलो, मालकिनीनं च्या दिला. उसाचा मुलूख, घरात धान्याची पोती, आन मी ती मोजत बसले. जावई भला मानूस, आमच्याम्होरं पाटावर बसला. तुमी इचारलं, आमच्या दुस्काळाची फिल्लम बगितली का?

"हो काका, बघितली. संध्याकाळच्या बातम्यांत होती. दोन-तीन मिनिटं असेल."

तुमी बशी खाली ठेवली. "काय काय दावलं?"

"भेगा पडलेली जमीन. जनावरांचे सांगाडे. आणि एक मुलगी होती, डोक्यावर पाटी घेऊन चालणारी. फाटकं लुगडं."

"नाव सांगितलं का तिचं?"

"नाही काका. नाव असं काही सांगत नाहीत. आवाज त्यांच्याच माणसाचा होता."

मग मीच इचारलं, "हसत व्हती का?"

त्यो माझ्याकडं बघाया लागला. "नाही मावशी. हसेल कशी? दुष्काळ होता ना तो."

तुमी इचारलं, ते आता बघाया मिळंल का कुठं. त्यो म्हनला, "काका, तिथं बातमी एक दिवसाची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशाची. ती फीत ठेवतात की पुसून टाकतात, देव जाणे."

माघारी येताना येष्टीत आपलं भांडान झालं. लोकं बघत व्हती. तुमी म्हनला, "तीच व्हती. पाटी, लुगडं, समदं जुळतंय. हसनं तेवढं कापलं त्येंनी." मी म्हनलं, "हसत न्हाई ती सुंदर न्हाई. दुसऱ्या कुनाची तरी आसंल, आपल्या तालुक्यात काय कमी पोरी हायत व्हय?" तुमी म्हनला, "आगं, चार पावलं ती हसली नव्हती. मी बगत व्हतो. तेवढीच घेतली आसतील." मी म्हनलं, "मग तुमचं लंडन खोटं बोलतंय." तुमी म्हनला, "खोटं न्हाई बोललं. गाळलं."

तुमी पेपरातली तेलाची जाहिरात गाळत नव्हता. मला तुमची कीव आली तवा. पन मी हरले न्हाई. पोरीच्या तोंडावरचं हसू काढून घिऊन उरल्याली पोर मला नगं व्हती.

आन तरी तुमी रेडिओ सोडला न्हाई. मला वाटलं व्हतं, आता फेकशीला. आनीबानीत समद्या पेपरात एकच पेपर छापल्यावानी झालं, पारावरची लोकं हळूच तुमच्या वट्यावर याया लागली. बापू कदम सुदिक. "हवालदार, तुमचं लंडन काय म्हनतंय?" तुमी सांगायचा, पन आता शेवटाला एक जोडायचा, "एवढं त्येंनी सांगितलं. काय सांगितलं न्हाई ते मला ठावं न्हाई." त्या दिसांतच कवा तरी तुमी परत चुलीम्होरं पाटावर येऊन बसला आन मला बातम्या सांगाया लागला. मी वळून बगितलं न्हाई, बगितलं आसतं तर तुमी उठला असता. भाकरी करपली तरी बगितलं न्हाई.

गेल्या वरसी साताऱ्याला पेन्शनीच्या कामाला गेलो, तितं दुकानात टीव्ही बगितला. दुकानदारानं बांबूवर जाळी बांधल्याली. तुमी इचारलं, ह्येच्यात लंडन लागतं का? त्यो हसला, "आजोबा, मुंबई लागली तरी नशीब." पायरीवर आपन सांजपातुर बसलो. मुंग्या मुंग्या दिसल्या, मग शेतीचं काय तरी लागलं. समद्या बाया धड लुगड्यात, तेल लावल्याली डोकी, हासत कनसं दावत व्हत्या. तुमी लय येळ बगितलं आन उठला. म्हनला, "मुंबईवालं फाटकं दावत न्हाईत, लंडनवालं धडकं दावत न्हाईत. आपली सुंदर दोन्हीच्या मधी सापडली."

शेवटल्या दिसांत तुमाला उठाया येत नव्हतं. मी रेडिओ लावून उशापशी ठेवायची. एका सांजंला कुठल्या तरी लांबच्या मुलखात पानी चढून मानसं मेल्याचं आलं. तुमी डोळं मिटून ऐकलं. मग मला इचारलं, "नावं सांगितली?"

म्हनलं, "न्हाई. किती मेली ते सांगितलं."

"व्हय," तुमी म्हनला. मग पुटपुटला, "त्येंच्यात बी एखांदी हासनारी आसंल."

तवा मी म्हनायचं व्हतं, आवं, तीच व्हती आपली. जिंकला तुमी. मरत्या मानसाला हरवून काय मिळवायचं व्हतं मला? पन तोंडातनं आलं न्हाई. तुमी बी वाट बगितली न्हाई.

तेरावं झालं. काल मी आटपाडीच्या बाजारात सोनाराकडं गेले, तुमचा टाक कराया. त्यानं ठसं म्होरं ठेवलं. म्हनला, "आजी, हवालदारांचा घोड्यावरचा करू का? लढाईला गेल्याला मानूस." म्हनलं, "साधा करा. पायदळात व्हतं ते. घोडा त्यास्नी कवा मिळाला न्हाई." त्यो हसला, मी बी हसले. तुमी गेल्यापासनं पयल्यांदा.

मग त्यानं बाईचा ठसा काढला. "आन पोरीचा बी एकदमच करूया का? तुमच्या भावकीनं मागं सांगितलं व्हतं, ते तसंच ऱ्हायलं."

मी ठसा हातात घेतला. आवं, मला हेच पायजे व्हतं न्हवं इतकी वर्सं? पदर, नथ, डोळ्यांच्या दोन टिकल्या. तोंडाच्या जागी एक सरळ रेघ. चार गावच्या समद्या मेल्याल्या बाया ह्याच एका ठशातनं निघत्यात. लय येळ मी ती रेघ बगत बसले. सोनारानं दोनदा इचारलं.

म्हनलं, "ऱ्हाऊ द्या. तिचा नगं. तिचा फोटू हाय."

"कुटं हाय?"

म्हनलं, "लंडनला."